अवयव पुरते पडले काय ?

मागील अंकांत त्रैराशिकाविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. त्या लिहितात कीं, अंकगणितापर्यंत घरांतील वडील माणसांचा मुलांना कांहीं तरी उपयोग होतो. परंतु बीजगणिताची वही पुढें आली म्हणजे आम्हांस हात झाडून उठावें लागतें. तरी त्याविषयींहि एकदां लिहावें. विनंती रास्त आहे. पण बीजगणित म्हणजे मोठें रान. त्यांत कोणत्या वाटेनें शिरावें हें कांहीं केल्या ठरेना. इतक्यांत आमच्याच घरीं एक तंटा उपस्थित झाला आणि विषय आपल्या पायांनीं चालत ओटीवर आला.

झालें तें असें. माझी धाकटी नात आणि माझ्या पुतण्याचा मुलगा हीं दोघें एकाच इयत्तेंत आहेत. शाळा निराळ्या, शिक्षक निराळे. परंतु सायंकाळचा अभ्यास ओटीवर एकाच सतरंजीवर बसून होतो. त्या दिवशीं दोघांसहि एकच उदाहरण आलें होतें: क्ष⁶ − ६४ याचे पूर्ण अवयव पाडा. नातीनें क्ष⁶ म्हणजे क्ष² चा घन आणि ६४ म्हणजे ४ चा घन असें पाहिलें, घनांच्या वजाबाकीचें सूत्र लाविलें आणि शेवटीं उत्तर लिहिलें:

(क्ष − २)(क्ष + २)(क्ष⁴ + ४क्ष² + १६).

नातवानें त्याच राशीकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें. क्ष⁶ हा क्ष³ चा वर्ग आणि ६४ हा ८ चा वर्ग. म्हणून वर्गांतराचें सूत्र लावून त्यानें आधीं (क्ष³ − ८)(क्ष³ + ८) असे दोन कंस केले आणि मग प्रत्येक कंस घनाच्या सूत्रानें फोडून लिहिलें:

(क्ष − २)(क्ष² + २क्ष + ४)(क्ष + २)(क्ष² − २क्ष + ४).

"आजोबा, दादाचें चुकलें कीं माझें ?" असा प्रश्न घेऊन नात माझ्यापुढें आली. दादाचें म्हणणें, त्याच्याकडे चार कंस आहेत, तेव्हां त्याचेंच बरोबर. नातीचें म्हणणें, कंस अधिक म्हणजे उत्तर खरें, असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे ? हा वाद रात्रीं पानावर बसलों तरी चालू होता. धाकट्या सूनबाईंनीं वाढतां वाढतां सुचविलें कीं, दोघांनींहि आपापले कंस गुणून पाहावे. दोघांनीं गुणले, आणि दोघांचेंहि क्ष⁶ − ६४ आलें. तेव्हां आंतून प्रश्न आला, "दोन्ही खरीं, तर मग भांडतां कशाला ?" मी म्हटलें, दोन्ही खरीं आहेत, परंतु एक अपुरें आहे. आणि कोणतें अपुरें हें मी आज सांगणार नाहीं. सकाळीं ज्याचें त्यानें शोधावें.

येथें वाचकांसाठीं मुळापासून दोन शब्द सांगणें जरूर आहे. १२ म्हणजे ३ गुणिले ४, आणि ४ म्हणजे पुन्हा २ गुणिले २. म्हणून १२ चे मूळ अवयव २, २ आणि ३. 'तीन चोक बारा' येथें जो थांबला त्याचें चुकलें असें नाहीं; त्याचें काम राहिलें. बीजगणितांत संख्येच्या ठिकाणीं अव्यक्त राशि येते, एवढाच भेद. आपल्या पूर्वाचार्यांनीं अव्यक्तास यावत्तावत्, कालक, नीलक अशीं नांवें दिलीं आणि त्यांचीं आद्याक्षरें या, का, नी लिहून गणित केलें. आज आपण क्ष आणि य लिहितों. गुणाकार करणें हें उतरणीचें काम आहे, तें कोणासहि येतें. गुणाकार पाहून मूळचे कंस ओळखणें ही चढण आहे. ती सोपी व्हावी म्हणून कांहीं ठराविक गुणाकार तोंडपाठ करवितात. त्यांनाच सूत्रें म्हणतात.

त्या सूत्रांत माझें सर्वांत आवडतें सूत्र वर्गांतराचें. दोन राशींच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या राशींची बेरीज गुणिले त्यांचीच वजाबाकी: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). शाळेच्या पुस्तकांत तें चौकटींत छापलेलें असल्यामुळें मुलांना वाटतें कीं तें परक्या देशांतून आलें. मी पाठशाळेंत लीलावती शिकलों, मॅट्रिकच्या आधींच. तेव्हां हें सूत्र मला प्रथम संस्कृतांत भेटलें. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील, म्हणजे इ. स. १११४ चा, सिद्धान्तशिरोमणि त्यांनीं छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, पुरा केला, आणि लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग होत. चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. म्हणजे हें सर्व आपल्या घरापासून फार लांबचें नाहीं. लीलावतींत एक उदाहरण असें आहे: दोन राशींमधील अंतर ८, आणि त्यांच्या वर्गांमधील अंतर ४००, तर त्या राशि कोणत्या? वर्गांतरास अंतरानें भागिलें कीं बेरीज मिळते. ४०० भागिले ८ म्हणजे ५०. बेरीज ५० आणि अंतर ८, म्हणून राशि २९ आणि २१. समीकरण मांडण्याची गरजच पडली नाहीं.

घरांतहि या सूत्राचा उपयोग आहे. परवांच घरांत एका कार्यासाठीं ४८ नारळ प्रत्येकीं ५२ रुपयांनीं आणविले. हिशेब कागदावर चालला होता. मी आराम-खुर्चींतून म्हटलें, २४९६. पन्नासाला दोन कमी आणि पन्नासाला दोन अधिक. म्हणून पन्नासाचा वर्ग २५००, त्यांतून दोहोंचा वर्ग ४ वजा. नारळवाल्यास वाटलें, म्हाताऱ्यानें आधींच कोठें तरी लिहून ठेविलें असावें.

ज्यांस अक्षरांचा कंटाळा आहे त्यांनीं जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद घ्यावा. त्याचा एक मोठा चौरस कापावा, बाजू अ. त्याच्या एका कोपऱ्यांतून लहान चौरस कापून टाकावा, बाजू ब. उरला तो काटकोनी तुकडा म्हणजे अ² − ब². आतां त्याचा आखूड हात सरळ कापून वेगळा करावा आणि लांब पट्टीच्या टोकास जोडावा. दोन्ही पट्ट्यांची रुंदी एकच, अ − ब; आणि जोडलेली लांबी अ + ब. नातीनें हें स्वतःच्या हातानें केलें तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे सूत्र पाठ करावयाचें नव्हतेंच !" पाठ करावयाचें होतेंच, परंतु हें पाहिल्यानंतर.

बाकीच्या सूत्रांत पूर्ण वर्गाचें सूत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत खांच आहे ती मधल्या पदाची. ४क्ष² + १२क्ष + ९ हा २क्ष + ३ चा वर्ग. कारण मधलें पद दोन वेळां २क्ष गुणिले ३, म्हणजे १२क्ष, असेंच आहे. परंतु ४क्ष² + १३क्ष + ९ पाहिलें कीं दोन्ही टोकांचे वर्ग पाहून मूल तेंच उत्तर लिहून मोकळें होतें. येथें अवयव (४क्ष + ९)(क्ष + १) असे अगदीं निराळे आहेत. टोकें पाहून घाई करणारीं मुलें मी तीस वर्षें पाहिलीं, आणि मोठीं माणसेंहि.

घनाच्या सूत्रांत चूक होते ती अशी: अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²) यांतील मधल्या पदास दोन लाविण्याचा मोह मुलांस आवरत नाहीं, कारण वर्गाच्या सूत्राची संवय. ही चूक जावी म्हणून मी वर्गांत १७२९ ही संख्या देत असें. रामानुजन् लंडनजवळ आजारी असतां हार्डी ज्या टॅक्सीनें भेटीस गेले तिचा हा क्रमांक, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे; दोन घनांच्या बेरजेनें दोन प्रकारें होणारी ही सर्वांत लहान संख्या. १२ चा घन आणि १ चा घन घेतला तर सूत्रानें १३ गुणिले १३३ येतात. १० चा घन आणि ९ चा घन घेतला तर १९ गुणिले ९१ येतात. उत्तरें निराळीं दिसतात. पण १३३ म्हणजे ७ गुणिले १९, आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३. दोन्ही वाटा ७, १३ आणि १९ याच तीन गांवीं येऊन पोंचल्या.

आणि हीच आमच्या ओटीवरील तंट्याची किल्ली. संख्येचे मूळ अवयव ज्याप्रमाणें एकच, तुम्ही कोठूनहि आरंभ करा, त्याचप्रमाणें बैजिक राशीचेहि पूर्ण अवयव एकच असतात. क्रम आणि चिन्ह यांचा काय तो फरक. म्हणून दोघांचीं उत्तरें खरीं असून भिन्न निघालीं, तर कोणाचा तरी एखादा कंस अजून बंद पेटीसारखा आहे, असें खुशाल समजावें.

सकाळीं नात लौकर उठून बसली होती. तिचा संशय क्ष⁴ + ४क्ष² + १६ या कंसावरच होता, पण तो कोणत्याहि सूत्रांत बसेना. दोन्ही टोकें वर्ग खरी, पण पूर्ण वर्गास मधलें पद ८क्ष² पाहिजे, आणि आहे ४क्ष². "चार कमी पडतात, आजोबा." मी म्हटलें, कमी पडतात तर काय करितात ? ती थोडा वेळ थांबली, आणि मग तिनें लिहिलें: क्ष⁴ + ८क्ष² + १६ − ४क्ष². म्हणजे (क्ष² + ४)² − (२क्ष)². पुढें वर्गांतर, आणि दादाचे दोन्ही कंस जसेच्या तसे बाहेर आले. दादा त्या वेळीं दांत घांशीत होता. त्याला तसेंच बोलावून आणलें.

तिला मी शाबासकी दिली खरी. परंतु त्या क्षणीं माझें चित्त त्या वहीवर नव्हतें. 'चार कमी पडतात' हे शब्द मीं पूर्वीं दुसऱ्या एका मुलाच्या तोंडून ऐकिले होते. तो प्रसंग मीं आजवर घरांतहि सांगितला नाहीं.

माझ्या नोकरीचें तें दुसरें वर्ष. एका तालुक्याच्या गांवीं मी गणित आणि संस्कृत शिकवीत असें. वय लहान, पदवी नाहीं, नोकरी कायम व्हावयाची होती. त्यामुळें जें सांगावयाचें तें ठांसून सांगावें अशी संवय लागली होती. दोन वर्गांच्या बेरजेचे अवयव पडत नाहींत, हा नियम मीं फळ्यावर लिहून त्याच्याखालीं दोन रेघा ओढिल्या होत्या. सहामाही परीक्षेंत मीं प्रश्न घातला: अवयव पाडा, पडत नसल्यास तसें लिहा. त्यांत एक राशि होती क्ष⁴ + ४. क्ष² चा वर्ग अधिक दोहोंचा वर्ग. तेव्हां उत्तर 'पडत नाहींत'. प्रश्न चार गुणांचा होता.

एका किराणा दुकानदाराच्या मुलानें उत्तर लिहिलें होतें: (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). मीं तांबड्या शाईनें काट मारिली आणि शून्य दिलें. उत्तरपत्रिका वांटल्यावर तो मुलगा टेबलापाशीं आला आणि हळूच म्हणाला, "सर, एकदां गुणून पाहा ना." मीं गुणलें नाहीं. साऱ्या वर्गास ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणालों, "दोन रेघा ओढून नियम दिला आहे. तूं काय नवें बीजगणित काढिलेंस ?" मुलें हंसलीं. तो जागेवर जाऊन बसला.

रात्रीं खोलीवर जेवण झाल्यावर उगीच म्हणून गुणून पाहिलें. क्ष⁴, मग क्ष³ चीं दोन पदें, एक धन, एक ऋण, गेलीं, क्ष² चीं तीन पदें, दोन अधिक दोन वजा चार, गेलीं, क्ष चीं दोन पदें, तींहि गेलीं, शेवटीं ४. मीं तीन वेळां गुणलें.

दुसऱ्या दिवशीं मला वर्गांत जाऊन बोलतां आलें असतें. परंतु गुणांचा तक्ता कार्यालयांत पोंचला होता. तो बदलावयाचा म्हणजे मुख्याध्यापकांपुढें उभें राहून, गणिताच्या शिक्षकास अवयव येत नाहींत, असें स्वतःच्या तोंडानें सांगावयाचें. मीं तें केलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत त्या मुलास बाजूला बोलावून म्हणालों, "तुझें बरोबर होतें." तो म्हणाला, "मला ठाऊक होतें, सर." त्यांत उर्मटपणा नव्हता. कसें सुचलें म्हणून विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, "क्ष⁴ आणि ४, मध्यें चार क्ष वर्ग असते तर पूर्ण वर्ग झाला असता. चार कमी पडतात. मग चार क्ष वर्ग उसने घेतले आणि लगेच परत केले. दुकानांत आम्ही असेंच करितों." म्हणजे (क्ष² + २)² − (२क्ष)². इतकी सरळ गोष्ट.

त्या चार गुणांमुळें गणिताचें वार्षिक बक्षीस दुसऱ्या मुलाकडे गेलें. तें स्नेहसंमेलनांत दिलें गेलें तेव्हां मी मंचावरच होतों. त्यानंतर त्या मुलानें माझ्या तासाला कधीं हात वर केला नाहीं. विचारिलें तर उत्तर देत असे, आणि तें बरोबर असे. दहावीनंतर तो दुकानावर बसला. घरची परिस्थितिहि तशी असेल. त्यांत माझा वांटा किती, याचा हिशेब मला लागत नाहीं. पुढें माझी बदली झाली. वर्गास चुकीचा नियम दिला होता तो मीं पुढच्या वर्षींच्या मुलांना दुरुस्त करून सांगितला. पण त्या चाळीस वह्यांत तो दोन रेघांसह तसाच राहिला. तो मुलगा आज पन्नाशी उलटलेला गृहस्थ असेल. हें मासिक त्याच्या घरीं जात असेल तर त्यानें एवढें समजावें कीं, त्या उत्तरास पैकींच्या पैकीं गुण होते, आणि हें मीं त्याच दिवशीं, चाळीस मुलांसमोर, सांगावयास पाहिजे होतें.

पुढें वाचनांत आलें कीं, या अवयवांस सोफी जर्मेन या फ्रेंच विदुषीचें नांव आहे. ही बाई १७७६ सालीं जन्मली. स्त्रियांना विद्यालयांत प्रवेश नसल्यामुळें ती पुरुषाच्या नांवानें गणितज्ञांशीं पत्रव्यवहार करीत असे, आणि १८१६ सालीं पॅरिसच्या विज्ञान-सभेनें तिला पारितोषिक दिलें. तिच्या सूत्राची गंमत संख्यांत दिसते. कोणत्याहि पूर्ण संख्येचा चतुर्घात घेऊन त्यांत ४ मिळवा. संख्या १ हून मोठी असेल तर येणारी बेरीज कधींहि अविभाज्य असणार नाहीं. १० घेतले तर १०००४. तिचे अवयव १२२ आणि ८२, भागाकार न करितां सांपडले.

आणखी एक वाचलें, त्यानें मला हंसूंहि आलें. लायब्निट्झसारखा महापंडित १७०२ सालीं लिहून बसला कीं, दोन चतुर्घातांच्या बेरजेचे वास्तव अवयव पडूं शकत नाहींत. पडतात. क्ष⁴ + १ घ्या. मध्यें २क्ष² उसने घ्यावे, तेच परत करावे. मात्र परत करितांना २ चें वर्गमूळ, म्हणजे करणी, वापरावी लागते. परंतु लायब्निट्झला कोणी विद्यार्थी टेबलापाशीं येऊन 'गुणून पाहा' असें म्हणाला नव्हता.

करणीचा उल्लेख आला तेव्हां 'पूर्ण' या शब्दाची मर्यादा सांगितली पाहिजे. ३क्ष⁵ − ४८क्ष घ्या. आधीं साधारण अवयव ३क्ष बाहेर काढावा. हें मुलें हटकून विसरतात आणि मग मोठाल्या पदांशीं झुंजत बसतात. उरलें क्ष⁴ − १६. वर्गांतरानें (क्ष² − ४)(क्ष² + ४). येथें निम्मीं मुलें थांबतात. पण क्ष² − ४ हें पुन्हा वर्गांतरच आहे. तें (क्ष − २)(क्ष + २) झालें. मग क्ष² + ४ कां नाहीं ? कारण त्याचा क्ष − क असा अवयव असता तर क्ष च्या जागीं क घालतांच सर्व शून्य झालें असतें. आणि कोणत्याहि संख्येचा वर्ग ऋण नसल्यामुळें त्यांत ४ मिळवून शून्य होणें नाहीं. द्विघात राशीस फुटावयाचें तर एकघातांतच फुटावें लागतें. चतुर्घात मात्र दोन द्विघातांतहि फुटूं शकतो. माझ्या त्या नियमांत हाच भेद राहून गेला होता. क्ष² + २क्ष + ४ हा कंस (क्ष + १)² + ३ असा लिहिला म्हणजे तोहि कां फुटत नाहीं हें डोळ्यांस दिसतें. म्हणून नातवाचें उत्तर तेथें खरोखरच संपलें.

परंतु क्ष² − २ यास काय म्हणावें ? पूर्ण संख्यांत तो फुटत नाहीं, करणी चालत असेल तर फुटतो. ऋण संख्येस वर्गमूळ नाहीं, कारण ती कोणाचा वर्गच नव्हे, असें भास्कराचार्यांनीं बीजगणितांत स्पष्ट सांगितलें आहे; पुढील गणितज्ञांनीं काल्पनिक संख्या मानिल्या, आणि मग क्ष² + ४ सुद्धां फुटला. १७९९ सालीं गाउस यानें दाखविलें कीं वास्तव सहगुणकांची कोणतीहि राशि एकघात आणि द्विघात कंसांत फुटतेच. काल्पनिक संख्या मानिल्या म्हणजे ते द्विघातहि एकघातांत मोडतात. तेव्हां 'पूर्ण अवयव पाडा' असें सांगणाऱ्यानें कोणत्या संख्यांत, हें सांगितलें पाहिजे. शाळेंत न सांगतां पूर्ण संख्या धरितात. मुलानें विचारिलें तर रागावूं नये.

वर्गांतराची एक शेवटची करामत सांगतों. २४९१ चे अवयव शोधावयाचे आहेत. एकेक भाजक लावीत बसण्याऐवजीं त्याच्या वरचा वर्ग पाहावा: ५० चा वर्ग २५००. फरक ९, म्हणजे ३ चा वर्ग. झालें, ५३ आणि ४७. पहिल्या वर्गास फरक वर्ग न आला तर ५१, ५२ असें पुढें जावें. ही रीत फ्रान्समधील फेर्मा याच्या नांवानें चालते; त्यानें १६४३ च्या सुमारास २०२७६५१२८१ ही संख्या अशीच फोडिली, ४५०४१ चा वर्ग वजा १०२० चा वर्ग, म्हणजे ४६०६१ गुणिले ४४०२१. परंतु आमच्या नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या गणितकौमुदींत हीच रीत आहे. मोठ्या संख्येचे अवयव शोधणें किती कष्टाचें असतें यावर १९७७ पासून संगणकांतील गुप्त लेखनाची एक पद्धति उभी आहे, आणि तींत दोन अविभाज्य संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडल्या तर याच जुन्या रीतीनें कुलूप उघडतें. हें मला नातवानें सांगितलें. मीं त्याला गणितकौमुदीचें सांगितलें. देवघेव बरोबरीची झाली.

आतां दोघांचा समेट झाला आहे. दोन्ही रीती शक्य असतां आधीं वर्गांतर लावावें, म्हणजे उसनवारी करावी लागत नाहीं, हें नातीनें मान्य केलें. आणि उसनवारी येत असेल तर कोणत्याहि वाटेनें जावें, हें दादानें. मात्र नातीच्या वहींत शाळेंत शून्य मिळालें कीं पूर्ण गुण, हें मीं विचारिलें नाहीं. ती आपण होऊन सांगेल.

ज्या भगिनींनीं पत्र पाठविलें त्यांच्यासाठीं आणि त्यांच्या घरच्या मुलांसाठीं एक उदाहरण ठेवितों. क्ष⁴ + क्ष² + १ याचे अवयव पाडावे. नंतर क्ष च्या जागीं १० घालून १०१०१ या संख्येचे सर्व मूळ अवयव सांगावे; भागाकार करूं नये. उत्तरें पुढील अंकाच्या आधीं पोंचावीं. रीत कशी सुचली तेंहि लिहावें. आणि माझें कोठें चुकलें असेल तर तेंहि.